दिव्यासमोर अंधार

दिव्याखाली अंधार असतो हे शाळेतच शिकवलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. माझ्या मोटरसायकलच्या दिव्यासमोरही अंधार होता. गाडी बनवणाऱ्यांनी पुढे जो ३५ वॅटचा हॅलोजन बसवून दिला होता, तो मला रस्ता दिसावा म्हणून नव्हताच. मी कशावर जाऊन आदळलो हे पंचनामा करणाऱ्यांना नीट दिसावं, एवढीच त्याची झेप होती.

त्यामुळे रात्री मी गाडी चालवायचो ती बरीचशी पाठांतरावर. नेहमीच्या रस्त्यावरचे खड्डे तोंडपाठ होते. अनोळखी रस्त्यावर पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धरून जायचो. तो डावीकडे वळला की मी डावीकडे, तो थांबला की मी थांबलो. या पद्धतीत एकच उणीव आहे. पुढचा माणूस कधीतरी आपल्या घरी पोहोचतो. असाच एका गृहस्थांच्या मागोमाग मी थेट त्यांच्या दारात गेलो. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "बोला." मला बोलण्यासारखं काही सुचेना.

त्याआधीच्या गाडीची तऱ्हा आणखी न्यारी होती. तिचा हेडलाइट बॅटरीवर नव्हता, इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या मॅग्नेटच्या कॉइलवर थेट होता. रेस दिली की उजेड वाढायचा, रेस सोडली की मावळायचा. म्हणजे खड्डा दिसायला हवा तर वेग वाढवा, आणि वेग वाढवल्यावर खड्डा दिसून काय उपयोग? वळणावर वेग कमी करावा असं सगळे शहाणे लोक सांगतात. मी कमी केला की वळणच दिसेनासं व्हायचं.

तर बल्ब बदलायचं ठरवलं. हा विचार मनातच ठेवायला हवा होता असं नाही, पण हेडलाइटचा विषय चारचौघांत निघाला की काय होतं ते एकदा बघाच. लग्न जमवण्यापेक्षा जास्त माणसं मदतीला येतात.

पहिला पंथ वॅटवाल्यांचा. "शंभर-नव्वद वॅटचा टाक आणि मोकळा हो." मोकळा होण्याचा अर्थ मला पुढे त्यांच्यापैकीच एकाच्या गाडीवर बसल्यावर कळला. साधा हिशोब आहे. १२ व्होल्टच्या गाडीत ६० वॅटचा बल्ब ५ अँपिअर घेतो, १०० वॅटचा ८ च्या वर. हा सगळा प्रवाह हँडलवरच्या त्या इवल्याशा बटणातून आणि कारखान्याने काटकसरीने दिलेल्या वायरीतून जायचा. उजेड खरोखर लांबवर पडला. पाठोपाठ जळक्या प्लास्टिकचा वास आला. होल्डर विरघळून बल्बच्या पायांना असा चिकटला होता की दोघांना वेगळं करायला पक्कड लागली. शिवाय असले बल्ब रस्त्यावर वापरायला बहुतेक ठिकाणी परवानगीही नसते, पण पंथाचे लोक असल्या तपशिलात शिरत नाहीत.

दुसरा पंथ निळ्यांचा. त्यांचा बल्ब हॅलोजनच असतो, फक्त काचेला निळसर लेप. लेप लावला की आतून येणाऱ्या उजेडातला काही भाग लेपच अडवतो, म्हणजे वॅट तेवढेच आणि उजेड आधीपेक्षा कमी. गॉगल घातलेला बल्ब रात्री विकायचा आणि तो घेणाऱ्याने समाधानाने "वाः!" म्हणायचं, याला व्यापार म्हणतात.

तिसऱ्या पंथाचा माणूस मात्र आमच्या घरातलाच निघाला. मेहुणा. त्याने आपल्या गाडीला एलईडीचा बल्ब लावून घेतला होता. खोक्यावरच्या ल्युमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्यात शून्यं इतकी होती की ती छापताना शाई कमी पडली असावी. माझ्या माहितीप्रमाणे ६०/५५ वॅटचा एच४ नावाचा हॅलोजन बल्ब, जो १९७१ सालापासून जगभरच्या गाड्या ओढतोय, तो प्रमाणित चाचणीत अप्परला (लांबच्या झोताला) १६५० आणि डिप्परला (खालच्या झोताला) १००० ल्युमेन देतो. माझा ३५ वॅटवाला त्याच्या निम्मा. हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, "दाजी, तुम्ही आकडे बघा, मी रस्ता बघतो. चला बसा मागे."

बसलो. खरं सांगतो, भिंतीवर पाहिला तेव्हा उजेड दृष्ट लागण्याजोगा होता. रस्त्यावर गेल्यावर चाकापुढचा दहा-बारा मीटरचा तुकडा चुना फासल्यासारखा पांढराफटक झाला, त्यातला खडा न् खडा मोजून घ्यावा. त्यापलीकडे काळोख. समोर इतकं पांढरं दिसलं की डोळ्याची बाहुली आखडते आणि लांबचं होतं तेवढंही दिसेनासं होतं. पण त्या वेळी मला रस्त्यापेक्षा समोरून येणारी माणसंच जास्त दिसत होती, कारण एकूण एक गाडीवाला आमच्यावर डिप्पर मारत होता. एकाने हॉर्नही दिला. एकाने हात दाखवला, तो आशीर्वादाचा नव्हता.

"बघितलंत?" मेहुणा मान मागे वळवून म्हणाला, "जळतात लोक."

आता दोष त्या एलईडीचा म्हणावा तर तसंही नाही. एलईडीसाठीच घडवलेल्या डूममध्ये, म्हणजे हेडलाइटच्या वाटीत, तो गुणी असतो. पण हॅलोजनच्या डूममधला रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी घडवलेला असतो. एच४ च्या काचेत दोन तारा असतात, एक अप्परची, एक डिप्परची, आणि डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक छोटीशी पन्हळ. ती पन्हळ खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रस्त्यावर वरचा भाग अंधारात राहतो आणि समोरच्याचे डोळे वाचतात. सगळी करामत मिलिमीटरांची. तारेच्या जागी एलईडीची चकती जराशी पुढे-मागे बसली की उजेड हवा तिथे सोडून सगळीकडे जातो. हे मी मेहुण्याला सविस्तर समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे उजेड जास्तच आहे ना?"

या सगळ्यांत एकच माणूस असा भेटला ज्याने बल्बचं नाव काढलं नाही. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक काका. मी त्यांना वॅट, ल्युमेन, केल्विन असं सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. ते चष्मा पुसत राहिले. मग विचारलं, "होल्डरवर व्होल्टेज किती येतं?"

असा प्रश्न असतो हेच मला ठाऊक नव्हतं. त्यांनी मल्टिमीटर काढला. गाडी चालू, हेडलाइट चालू. बॅटरीवर १३.८. मग त्याच दोन सुया बल्बच्या होल्डरवर. १२.२.

"उजेड आहे हो तुमच्याकडे," काका म्हणाले, "वाटेत खाल्ला जातोय."

बॅटरीतून निधी पुरेपूर मंजूर होत होता. तो किल्लीच्या स्विचकडे जायचा, तिथे थोडा कापला जायचा. मग जोडणीच्या गंजक्या क्लिपा, मग हँडलवरचं बटण, मग हात लावला तर कोमट लागणारी बारीक वायर. प्रत्येकाने आपापली टक्केवारी घ्यायची आणि उरलेलं पुढे ढकलायचं. अर्थिंगच्या वायरीने तर परतीच्या वाटेवरही सोडलं नव्हतं. बरं, हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडं घसरलं तर उजेड फार घसरतो, साधारण साडेतीनाच्या घाताने. १० टक्के व्होल्टेज गेलं तर ३० टक्के उजेड गेला. माझं १०च्याही वर जात होतं. म्हणजे एक तृतीयांश दिवा मी रोज वायरी गरम करायला वापरत होतो आणि बल्बला शिव्या देत होतो.

उपाय म्हणजे रिले, इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच. जाड वायर, मध्ये फ्यूज, बॅटरीतून थेट बल्बपर्यंत. हँडलवरच्या बटणाने आता फक्त रिलेला इशारा करायचा, ओझं उचलायचं नाही. रिलेला ३०, ८७, ८५, ८६ असे नंबर दिलेले चार पाय असतात. ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा, ८५-८६ इशाऱ्याचे. मधल्या ५४ आकड्यांचं काय झालं हे काकांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी फ्यूज हातात घेऊन गप्प उभा राहिलो. अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले बसले. बटण दाबलं की सीटखालून "टक्" असा आवाज येतो. तो ऐकायला मी नंतर बरेच दिवस दिवसाढवळ्या अप्पर-डिप्पर करत असे.

वायरिंग झालं, नवा बल्ब ३५ वॅटचाच आणला. त्याच्या जागी, बुडाचे कान कापून, मोठा एच४ कोंबणारेही आहेत, पण छोट्या गाडीचा मॅग्नेट एवढा भार सोसेल का आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर तेवढी उष्णता सोसेल का, हे दोन प्रश्न काकांनी विचारले आणि विषय मिटला.

बल्ब बसवणं हा मात्र स्वतंत्र अध्याय आहे. डूमच्या मागे रबराची टोपी असते. ती काढताना सहज निघते आणि घालताना तिला आपण ओळखूही येत नाही. टोपीखाली तारेची एक स्प्रिंग-क्लिप. ती बोटाने दाबून बाजूला सरकवायची असते, पण तिथे माणसाची दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवलेली नाही. ज्याने ती रचना केली त्याच्या हाताला एकच बोट आणि तेही उलट वाकणारं असणार. क्लिप सुटली की उडते, उडाली की इंजिनाच्या अशा कपारीत जाते जिथे याआधी फक्त धूळ पोहोचली होती.

आणि या सर्कशीत बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही. ती साधी काच नसून क्वार्ट्झ असते, पेटल्यावर प्रचंड तापते. बोटाचं तेल लागलं की तेवढीच जागा जास्त तापते आणि बल्ब अकाली जातो. मी धातूचं बूड चिमटीत धरून, श्वास रोखून उभा होतो. क्लिप शोधायला बोलावलेले मिस्त्री तेवढ्यात आले, म्हणाले, "आणा इकडे साहेब," आणि त्यांनी बल्ब मुठीत घेतला. मुठीत. मी किंचाळलो. त्यांना वाटलं शॉक बसला. कारण कळल्यावर त्यांनी खांद्यावरचं फडकं काढून, ज्याने ते सकाळपासून चेनचं तेल टिपत होते, त्याने काच प्रेमाने पुसून दिली.

"साहेब, आयुष्यात किती बल्ब बसवले असतील मी!"

ते का बसवावे लागले असतील हे माझ्या लक्षात आलं, पण मोठ्या माणसाला उलट बोलू नये. ते वळल्यावर स्पिरिटने काच स्वच्छ केली.

मग उरलं ते उजेडाचं तोंड नीट करणं. ऐकायला सोपं आहे. सपाट जमीन घ्या, भिंतीपासून गाडी ५ मीटर लांब सरळ उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा, डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे. आता अशी भिंत शोधा. जिथे भिंत सरळ तिथे जमीन उतरती, जिथे दोन्ही सरळ तिथे कोणाची तरी गाडी लावलेली, आणि जिथे तिन्ही जमलं तिथे डोक्यावर नगरपालिकेचा भक्कम दिवा. शिवाय गाडी स्टँडवर चालत नाही. स्वार बसला की मागची स्प्रिंग दबते आणि दिवा आकाशाकडे बघू लागतो, म्हणून वर माणूस हवा. मेहुण्याला बसवलं.

"दाजी, हलू का?"

"हलू नकोस."

"श्वास घेऊ का?"

तो श्वास घ्यायचा तेव्हा कड एक सेंटिमीटर वर जायची. मी भिंतीशी गुडघ्यावर, एका हातात खडू, एका हातात टेप. जाणारे-येणारे थांबू लागले. एका आजोबांनी ही जमीन आता कोणी घेतली असं विचारलं. दुसऱ्या एका बाईंनी भिंतीवरच्या रेघांकडे पाहून, रस्ता रुंदीकरणात त्यांचं घर वाचतंय का ते जाताजाता खात्री करून घेतली.

उजेड आता चांगला आहे. प्रचंड नाही. तो प्रचंड होणारही नाही, कारण दुप्पट अंतरावर तेवढंच लख्ख दिसायला चौपट उजेड लागतो आणि तेवढा बल्ब गाडीला मानवत नाही. ६० च्या वेगाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातात. ब्रेक दाबावा असं मनात येईपर्यंतच दिसलेला निम्मा रस्ता संपतो. म्हणून रात्री मी ४५ ने जातो. समोरचे मात्र डिप्पर मारत नाहीत, आणि हेडलाइट कसा आहे ते सांगणारा तोच एक निःपक्षपाती माणूस रस्त्यावर असतो.

मेहुण्याच्या एलईडीला मागे पंखा असल्यामुळे रबराची टोपी बसत नव्हती, ती त्याने काढूनच टाकली होती. पहिल्या पावसात डूममध्ये पाणी शिरलं आणि काच आतून धुरकट झाली. परवा तो मला येऊन भेटला. माझ्या सीटखालचं "टक्" त्याने बराच वेळ ऐकलं, वायरिंगचा फोटो काढला, रिलेचे नंबर लिहून घेतले. मला बरं वाटलं. म्हटलं, ये रविवारी, दोघं मिळून बसवू तुझ्याही हेडलाइटला.

"हेडलाइटला नाही, दाजी," तो म्हणाला. "ट्रकचा हॉर्न घेतलाय."