खोललंच आहे तर…

मिस्त्रींकडे गाडी नेली तेव्हा माझ्या कागदावर तीनच कामं होती. ऑइल बदलणे, ब्रेक बघणे, वायपरची रबरं. त्यांचे हात ग्रीसने बरबटलेले होते म्हणून कागदाची घडी मीच त्यांच्या वरच्या खिशात सरकवली. ती घडी अजून मोडलेली नाही.

गाडी म्हणजे मारुतीची जिप्सी. १९९९ची, तेराशे सीसी, कार्बोरेटरवाली, वर कापडी हूड. ही गाडी १९८५ मध्ये आली आणि पुढची तीस-बत्तीस वर्षं जवळपास तोच चेहरा घेऊन विकली गेली, त्यामुळे माझी नेमकी किती जुनी हे बघणाऱ्याला कळत नाही. ऐकणाऱ्याला कळतं. अकरा वर्षांपूर्वी भोरकडच्या एका कंत्राटदाराकडून मी ती घेतली. किल्ली देताना तो हसत होता. मला वाटलं, माणूस हसतमुख आहे.

हिला घेऊन २०२४च्या सप्टेंबरात पुण्याहून हिमाचलातल्या स्पितीला जायचं आम्ही ठरवलं. 'आम्ही' म्हणजे मी. नुसते जायचेच दोन हजारांवर किलोमीटर, आणि शेवटी कुंझुम खिंड, साडेचार हजार मीटर. समुद्रसपाटीपासून मोजलेले तीन सिंहगड एकावर एक ठेवायचे आणि वर पर्वती. हे मी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती म्हणाली, "त्यातली पर्वती तरी चढून झालीय का तुमची ह्या वर्षात?"

तर मिस्त्री. त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डोळे मिटले. डॉक्टर छातीला नळी लावून असे गप्प झाले की आपण विम्याचे हप्ते आठवायला लागतो, तसा मी उभा. मग डोळे उघडून ते म्हणाले, "कुठं जायचंय म्हणालात?"

"स्पिती."

"आणि परत पण यायचंय?"

ब्रेक बघायचे म्हणजे चाक खोलावं लागणार. हे मलाही मान्य होतं. पण चाक उतरल्यावर मिस्त्री तिथेच उकिडवे बसले आणि म्हणाले, "खोललंच आहे तर बेअरिंग बघून टाकू." मराठी भाषेत ह्याच्याइतकं महाग वाक्य दुसरं नाही. बेअरिंग काढलं तर सील फाटलेलं. सील बदलायला हात घातला तर चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन हलते. "साठच्या पुढे स्टीअरिंग थरथरत असेल?" त्यांनी विचारलं. थरथरतं म्हणजे काय, मिरवणुकीतल्या ताशासारखं वाजतं. पण तो मी वेगाचा आनंद समजत होतो. किंगपिनचं काम निघालंच आहे तर गाडी ज्यांच्यावर झुलते त्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश. पाटे उतरवलेच आहेत तर त्यातला एक तुटका निघाला. संध्याकाळी मी गेलो तेव्हा गाडी चार ओंडक्यांवर होती आणि गाडीपेक्षा जास्त गाडी जमिनीवर पसरली होती. वायपरची रबरं तेवढी जागच्या जागी होती.

पण खरा घाव पुढच्या दिवशी बसला. पुढच्या चाकाच्या मधोमध एक गोल चकती असते. तिच्याकडे बोट दाखवून मिस्त्रींनी विचारलं, "हे शेवटचं कधी फिरवलंत?"

"हे फिरतं?"

मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. शिकाऊ पोरगं चहा आणायला निघालं होतं तेही थांबलं. मग मला समजेल अशा भाषेत सांगण्यात आलं, की आतला दांडा ओढून फोर व्हील टाकली की इंजिनाची ताकद पुढच्या एक्सलपर्यंत येते खरी, पण चाकापर्यंत पोचायची तर खाली उतरून दोन्ही चाकांवरच्या ह्या चकत्या हाताने 'लॉक'वर फिरवाव्या लागतात. नाहीतर एक्सल आत फिरत राहतो आणि चाकाला पत्ताच नसतो. माझ्या चकत्या 'फ्री'वर होत्या. गंजून फ्रीवरच बसल्या होत्या.

अकरा पावसाळे! ताम्हिणी, वरंधा, सिंहगडाच्या मागचा कच्चा रस्ता. प्रत्येक वेळी चिखल आला की मी गाडी थांबवायचो, दांडा ओढायचो आणि गंभीर आवाजात म्हणायचो, "आता फोर बाय फोरमध्ये टाकलीय, धरून बसा." लोक धरून बसायचे. एकदा गाडी रुतली तेव्हा मेहुण्याला गुडघाभर चिखलात उतरवून ढकलायला लावली होती आणि वर सांगितलं होतं, "फोर बाय फोर आहे म्हणून निघाली, साधी गाडी असती तर गेलीच होती." म्हणजे अकरा वर्षं ती मागच्या दोन चाकांवर आणि माझ्या बोलण्यावर चढत होती. हे मेहुण्याला कळू नये अशी माझी इच्छा होती. बायकोने त्याला फोन लावला तेव्हा मी शेजारीच उभा होतो.

ह्या चकत्यांना हब म्हणतात. नवे हब मिळेनात. नाना पेठेत चार दुकानं पालथी घातली. तिथला रिवाज असा की तोंडाने काही मागायचं नाही, जुना पीस काउंटरवर ठेवायचा. मी खाकऱ्याच्या पिशवीत तेलकट सील, बुश आणि वायसर घेऊन फिरत होतो. बाकी सगळं मिळालं, हब म्हटलं की दुकानदार नातवंडांची चौकशी करावी तसं विचारायचे, "अजून चालवता का तुम्ही?" शेवटी रविवारी जुना बाजार गाठला. एका चादरीवर हार्मोनिअमचा भाता, बिनकाट्याचं घड्याळ आणि पितळी कडी ह्यांच्या मधोमध दोन हब पडलेले.

"जिप्सीचेच आहेत ना?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाचे पाहिजेत?" तो म्हणाला.

मिस्त्रींनी ते धुतले, उघडले, हुंगले आणि बसवले. बसले. ह्याचं आश्चर्य मला अजून ओसरलेलं नाही.

मग पत्रा. बायकोच्या बाजूचं मॅट उचललं तर खाली रस्ता. "वहिनींचे पाय पावसात भिजत असतील," मिस्त्री म्हणाले. भिजायचे. मी तिला सांगत होतो की कापडी हूड आहे, थोडं पाणी येणारच. नवा पत्रा टाकून वेल्डिंग मारलं. मॅट काढलंच होतं म्हणून वायरिंगही दिसलं. त्याबद्दल मी बोलणार नाही. कुठल्याशा जुन्या मालकाने उजवा इंडिकेटर आणि हॉर्न एकाच वायरीवर आणले होते एवढंच सांगतो.

ह्याच धामधुमीत गाडीचं पासिंगही आलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तेव्हा पाच हजार रुपये फी होती, वर पर्यावरण कर. पाहण्याच्या कार्यक्रमाला मुलीला तयार करावं तशी तिला धुऊनपुसून नेली. पहिल्या सेल्फला सुरू झाली, धूर नाही, आवाज नाही. घरी आल्यावर दोन दिवस बंद.

रस्ता ठरवणं हे वेगळंच प्रकरण. दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रात तेव्हा पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाडीला बंदी होती, आणि ही पंचवीस वर्षांची घोडनवरी. म्हणून मी नकाशावर जयपूर, सीकर, हिसार, कैथल, अंबाला अशी लपतछपत रेघ मारली. "महाराजसुद्धा आग्र्याहून सरळ रस्त्याने नव्हते आले," मी म्हणालो. "ते पेटाऱ्यातून निसटले," बायको म्हणाली. "आपण पेटाऱ्यात बसून चाललोय."

तिने तोवर एक वही घातली होती. डाव्या पानावर गाडीचा खर्च, उजव्या पानावर दोघांची विमानाची तिकिटं, चंडीगडहून टॅक्सी आणि आठ रात्री बऱ्यापैकी हॉटेलात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात डावं पान उजव्याच्या पुढे गेलं. ती काही बोलली नाही. वही फक्त डायनिंग टेबलावर उघडी ठेवायला लागली.

राहिला कार्बोरेटर, म्हणजे इंजिनाला हवा आणि पेट्रोल कालवून देणारा. मिस्त्रींचं म्हणणं असं, की वर हवा विरळ. कुंझुमला हवेचा दाब आपल्या समुद्रकाठच्या निम्म्याहून जेमतेम जास्त. पण कार्बोरेटरला ते कळत नाही, तो पेट्रोल तेवढंच वाढत राहतो. "पाहुण्याचं पोट भरलंय आणि यजमान आग्रह करतोय," ते म्हणाले. "मग काळा धूर, आणि चढावर गाडी बसते." उपाय म्हणजे मेन जेट बदलणं. जेट म्हणजे पितळेचा शेंगदाण्याएवढा तुकडा, मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. वर बारीक भोकाचा घालायचा, खाली उतरलो की परत जुना. नाहीतर सखल भागात पेट्रोल कमी पडून इंजिन तापणार.

"घालणार कोण?"

"तिथं मी आहे का?"

मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सहा ते सात माझा क्लास सुरू झाला. फॅन बेल्ट कसा चढवायचा, क्लचची केबल कशी ओवायची, हब कुठल्या बाजूला फिरवायचे. पेट्रोलची टाकी ठिबकली तर साबणाची वडी ओली करून घासायची; साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. हे मला फार आवडलं. मी लगेच सहा वड्या आणल्या, त्यातल्या दोन चंदनाच्या निघाल्या म्हणून बायकोने परत नेल्या. शेवटच्या दिवशी परीक्षा. मी कार्बोरेटर उघडला, जेट बरोबर काढला, मिस्त्रींकडे विजयी नजरेने बघितलं आणि तेवढ्यात तो बोटांतून सुटून टण्-टण् करत गटाराच्या जाळीत गेला. मिस्त्रींनी खिशात हात घालून दुसरा काढला. "तीन आणले होते," ते म्हणाले.

सामान भरायची वेळ आली तेव्हा कळलं की सुटे भाग, हत्यारं, वीस लिटरचा कॅन, दोरखंड, हवेचा पंप आणि साबण हे सगळं बसल्यावर कपड्यांना जागा नाही. टाकी चाळीस लिटरची, मायलेज नऊचं, स्पितीतलं काझा ते मनाली मधे पंप नाही. कॅन सोडता येत नव्हता. म्हणून मागची दोन्ही बाकडी काढून टाकली. एवढं करूनही एका बाजूला माणूसभर जागा उरली, तिथे बायको उशा ठेवणार होती.

पहाटे पाच वाजता खाली आलो तर गाडीशेजारी मिस्त्री उभे. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी. पुण्यात, सप्टेंबरात. हातात एक पिशवी, ती खाली ठेवताना लोखंडाचा आवाज झाला.

"काही राहिलं का?" मी घाबरून विचारलं.

"नाही, नाही." ते गाडीकडे बघत राहिले. "तो बारीक जेट मी स्वतः बघून आणलाय. वर चालतो का नाही, मला इथं बसून कसं कळणार?" मग मागे वाकून बघत जरा हळू म्हणाले, "आणि मागचं बाकडं खोललंच आहे तर…"

बायकोने उशा उचलून पुढे घेतल्या. दशम्यांचा डबा उघडून मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाशिकला भाकरी घेऊ. बसा मिस्त्री."