फुटलेल्या स्क्रीनमधला ‘करंट’: खुलासा

नाशिकच्या ग्रुप्सवर मेसेज फिरतोय की मोबाइलची एलसीडी फुटली की आतल्या द्रवातून करंट वाहतो, शॉक बसतो. हे साफ चूक आहे. तो द्रव म्हणजे द्रवस्फटिक (लिक्विड क्रिस्टल): द्रवासारखा वाहणारा, पण रेणू एका दिशेत लागलेले असा पदार्थ. तो जवळजवळ विद्युतरोधक असतो. व्होल्टेज दिलं की त्याचे रेणू फक्त वळतात, प्रकाश अडतो किंवा सुटतो. एम. जी. रोडवर दुरुस्तीला येणाऱ्या स्क्रीनवरचा काळा डाग म्हणजे द्रव जागचा हलल्याची खूण. हाताला लागलाच तर साबणाने धुवा. काचेला मात्र जपा!

वीज वाहून नेणारे द्रवस्फटिक वेगळे. त्यांचे चकतीसारखे रेणू एकावर एक रचले जातात आणि विद्युतभार या चकतीवरून त्या चकतीवर उड्या घेत जातो. असे चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक १९७७ मध्ये बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ एस. चंद्रशेखर यांच्या गटाने शोधले, हे खरं तर फॉरवर्ड करायला हवं.