‘बॉडी बदलून काय होतं?’

गेल्या महिन्यात निकॉनचा डी५३०० कॅमेरा विकून सेकंडहँड डी७५०० घेतला. मित्रांच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकला आणि तासाभरात तो फॉरवर्ड आलाच. तुम्हीही वाचला असेल: ‘कॅमेऱ्याची बॉडी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. फोटो लेन्स काढते. नव्या मॉडेलमध्ये मेगापिक्सेल उलट कमी केलेत. मोबाइल २०० मेगापिक्सेलवर पोहोचला. आणि डीएसएलआर तर संपलाच.’ पाच वाक्यांत पाच निकाल. (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, आणि डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा.) महिनाभर कॅमेरा हाताळल्यावर एकेकाचं उत्तर देतो.

मेगापिक्सेल कमी झाले, हे खरं आहे. डी५३००चे २४.२, डी७५००चे २०.९. पण म्हणजे किती? जुन्या फोटोची रुंदी ६००० पिक्सेल, नव्याची ५५६८. तीनशे डीपीआयला, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, प्रिंट काढली तर वीस इंचांऐवजी साडेअठरा इंच. माझ्या घरात भिंतीवर लावलेला सगळ्यात मोठा फोटो बारा इंची आहे, तोही आईच्या हट्टामुळे.

मोबाइलचे २०० मेगापिक्सेल हा आकडाही जरा सोलून बघावा. अशा सेन्सरवरचा एक पिक्सेल साधारण ०.६ मायक्रॉनचा. तेवढ्याशा पिक्सेलवर उजेड किती पडणार? म्हणून फोन सोळा पिक्सेल एकत्र करतो आणि एरवी तुमच्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. डी७५००चा एकेक पिक्सेल सव्वाचार मायक्रॉनच्या आसपास. भर उन्हात, फोनच्याच स्क्रीनवर बघितलं तर फरक कळणार नाही, हे मी आनंदाने मान्य करतो.

आता मुख्य मुद्दा, ‘फोटो लेन्स काढते’. हे वाक्य मीही दहा वर्षं लोकांना ऐकवलंय. माझ्याकडे काकांनी दिलेली ५० एमएम १.८ डी लेन्स आहे. काच उत्तम, पण तिच्यात फोकसची मोटर नाही, आणि डी५३००च्या बॉडीतही नाही. म्हणजे फोकस हाताने करायचा. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कोपऱ्यात फोकस जमल्याचा हिरवा ठिपका लागला की क्लिक. घरातल्या एका मुंजीत मातृभोजनाला हीच लेन्स लावून बसलो होतो. आईने घास पुढे केला, बटू हसला, मी रिंग फिरवतोय, ठिपका लागतोय, विझतोय. घास तोंडात गेला तेव्हा माझ्याकडे होता एक मऊसूत, धुरकट फोटो. डी७५००च्या बॉडीत मोटर आहे. घरी आल्या आल्या तीच लेन्स चढवली, अर्धं बटण दाबलं आणि ‘घर्र’ करून फोकस लागला. शिवणयंत्रासारखा आवाज! मी वेड्यासारखा कपाट, पंखा, कुंडी, दिसेल त्यावर घर्र घर्र करत बसलो. लेन्स तीच होती, बदलली ती बॉडीच.

व्ह्यूफाइंडरचंही तसंच. जुन्यात फ्रेमचा ९५ टक्केच भाग दिसायचा, मग फोटोच्या कडेला कुणाचं तरी कोपर उगवायचं. आता जे दिसतं तेच येतं. अंगठ्याला एक आणि तर्जनीला एक अशी दोन डायल आहेत, त्यामुळे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बदलायला बटण दाबून धरायची कसरत संपली.

मात्र ‘नवा कॅमेरा आला की फोटो सुधारतात’ असा उलटा फॉरवर्ड आला तर त्यालाही मी हेच सुनावेन. पहिल्याच रविवारी भिगवणला गेलो. नावेभोवती कुरव पक्षी घिरट्या घालत होते, सेकंदाला आठ फ्रेम सुटत होत्या (जुना पाचावर होता, आणि रॉमध्ये, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या जड फाइलमध्ये, त्याला लगेच धाप लागायची). घरी येऊन बघतो तर पाणी सुरेख शार्प, पक्षी सगळे धूसर. फोकस मोड स्थिर वस्तूसाठीचाच राहिला होता. चूक शंभर टक्के माझी. पुढच्या खेपेला सतत पाठलाग करणारा मोड लावला, तेव्हा कुठे डोळ्यातली चमक मिळाली.

गंमत म्हणजे या मॉडेलची खरी उणीव फॉरवर्डवाल्याला सापडलीच नाही. आधीच्या डी७२००ला कार्डाचे दोन स्लॉट होते, याला एकच आहे. लग्नाची कामं घेणाऱ्याने हे बघूनच ठरवावं.

राहिलं ‘डीएसएलआर संपला’. बऱ्याच अंशी बरोबर आहे. कॅनन आणि निकॉन दोघांचेही शेवटचे फ्लॅगशिप, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीतले, डीएसएलआर २०२० सालचे, त्यानंतर सगळा जोर आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांवर. पण म्हणूनच तर मिररलेसकडे निघालेला एक जण २०१७चं हे मॉडेल मला परवडेल अशा भावात देऊन गेला. याच्या शटरची चाचणी कंपनीने दीड लाख क्लिकपर्यंत घेतलेली आहे. माझ्या हातात आला तेव्हा आकडा एकवीस हजारांवर होता.