उपाशीपोटीची साखर बरी आली, म्हणजे दिवस सुटला?

"सकाळी उपाशीपोटी एकदाच साखर बघा. १३०च्या आत असेल तर दिवसभर बोट टोचू नका. साखर उतरली तर शरीर सांगतंच, आणि तीन महिन्यांची चाचणी असतेच." मधुमेहींसाठीचा हा निरोप सध्या खूप फिरतोय.

यातला १३० हा आकडा खरा आहे. बहुतेक प्रौढ मधुमेहींसाठी जेवणाआधी रक्तातल्या साखरेचं ८० ते १३० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हेच लक्ष्य धरतात. पण तो आकडा त्या घटकेपुरता. उपाशीपोटी ठीक असलेली साखर जेवणानंतर बरीच चढलेली सापडते. ती पहिल्या घासापासून दोन तासांनी बघायची (हात धुतल्यापासून नव्हे, इथे बरेच जण चुकतात) आणि साधारण १८०च्या आत हवी.

तीन महिन्यांची चाचणी (एचबीए१सी) सरासरी सांगते, तीही टक्क्यांत. दुपारी २५० आणि पहाटे ६० यांची सरासरी १५५. अहवालात ती ७ टक्क्यांच्या आसपास, छान दिसते. पहाटेचे ६० त्यात दिसतच नाहीत. शिवाय रक्तक्षय असेल तर तो आकडाही फसवू शकतो.

'शरीर सांगतं' हे मात्र इन्सुलिन घेणाऱ्या कुणी खरं मानलं तर, या विचाराने मला भीती वाटते. वारंवार साखर उतरणाऱ्यांना, जुना मधुमेह असणाऱ्यांना थरथर, धडधड जाणवेनाशी होते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही ही लक्षणं झाकतात. झोपेत तर कळणं आणखी अवघड. म्हणून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी (शरीरातलं इन्सुलिन वाढवणारी) गोळी चालू असेल तर झोपण्याआधी, व्यायामाआधी, गाडी हातात घेण्याआधी मोजा. जरा वेगळं वाटलं तरी लगेच मोजा. ७०च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा.

आजारपणाबद्दल निरोपात अक्षर नाही. तापात, उलट्यांमध्ये पोटात काही नसतानाही साखर चढते. अशा वेळी इन्सुलिन घेणाऱ्यांनी दर चार तासांनी तरी मोजावी.

फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्या, साखर स्थिर असलेल्या माणसाला रोज बोटं टोचायची गरज सहसा नसते, एवढं मात्र निरोपाचं बरोबर. त्यांनी आठवड्यातून एक-दोन दिवस एकेक जेवण निवडून त्याच्या आधी आणि दोन तासांनंतर बघावं. औषध बदललं की काही दिवस जास्त वेळा. वेळेसकट आकडे वहीत लिहा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या.