शेरास पायली

1996 साली आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सन नावाच्या कंपनीचा एक संगणक होता, स्पार्कस्टेशन आयपीएक्स. ते यंत्र आकाराने मोठ्या पोळ्यांच्या डब्याएवढं, 40 मेगाहर्ट्झचं, आणि पंक्तीत सोवळ्याने बसलेल्या काकांसारखं. म्हणजे बाकीच्या पीसींशी त्याचं काही जमत नसे. कीबोर्ड वेगळा, मॉनिटरची वायर वेगळी, माउसलासुद्धा बारीक चौकटी छापलेला धातूचाच पॅड लागे. तो पॅड मामांनी (म्हणजे आमच्या लॅबच्या शिपायांनी) एकदा दसऱ्याला पुसला आणि आडव्याचा उभा करून ठेवला. त्यानंतर माउसचा बाण अर्धा दिवस भलतीकडेच पळत होता. मामांचं म्हणणं, "मी तर फक्त हळदकुंकू वाहिलं."

तर या यंत्रावर सोलॅरिस 2.5, म्हणजे सनची नवीन ऑपरेटिंग सिस्टिम, चढवायचं ठरलं. सोलॅरिस आलं ते सीडीवर. यंत्राला सीडी ड्राइव्ह नव्हता. मूळ कंपनीचा ड्राइव्ह मिळत होता, पण त्याची किंमत पाहून सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि किंमत तेवढीच आहे याची खात्री झाल्यावर म्हणाले, "बाहेरचा बघा."

बाहेरचा बघायचा म्हणजे तीन कोटेशनं आली. कोटेशनं म्हणजे स्टोअरचे भाऊसाहेब आले.

"हे स्कझी काय आहे? खाजगी का?"

"नाही भाऊसाहेब, जोडणीचा प्रकार आहे."

"मग साध्या जोडणीचा का नाही घेत? पलीकडच्या लॅबने परवाच घेतला, निम्म्या किमतीत."

पीसीचा स्वस्त ड्राइव्ह सनला का चालत नाही हे मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. त्यांनी फाइलवर लिहिलं: 'सदर वस्तू खाजगी स्वरूपाची नसल्याचे संबंधितांनी तोंडी कळविले.'

शेवटी लॅमिंग्टन रोड, मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलं तर टॅक्सीवाला आपल्याकडे पाहुणा म्हणून बघतो. दुकानदाराने एका जपानी ड्राइव्हचं खोकं टेबलावर आपटलं. "साहेब, स्कझी म्हणजे स्कझी. लावा आणि विसरा." तो खोटं बोलत नव्हता, हे आज मान्य करतो. लावला. विसरायला मात्र अजून जमलेलं नाही.

पहिल्या दिवशी यंत्र सुरूच होईना. स्कझीच्या एकाच माळेत सगळी उपकरणं ओवलेली असतात आणि प्रत्येकाला 0 ते 7 यांपैकी एक नंबर असतो. 7 नंबर यंत्राने स्वतःकडे ठेवलेला. आतली हार्ड डिस्क 3 नंबरवर. आणि आमचा नवा ड्राइव्ह कारखान्यातूनच 3 नंबर लावून आला होता. चाळीच्या चौकात उभं राहून "अहो जोशी!" अशी हाक मारावी आणि दोन दारांतून दोन जोशी एकदम "ओ" म्हणत बाहेर यावेत, तसं झालं. हाक मारणारा तिथेच थिजला. सनच्या बूट प्रॉमच्या (यंत्र सुरू करणाऱ्या, चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रॅमच्या) लेखी सीडी ड्राइव्ह म्हणजे 6 नंबर, हे पुस्तकात होतं. पुस्तक सरांच्या कपाटात होतं. कपाटाची किल्ली रजेवर होती.

दुसरा दिवस टर्मिनेटरचा. माळेच्या शेवटच्या टोकाला एक बूच बसवावं लागतं, नाहीतर तारेतले संदेश टोकाला आपटून माघारी येतात आणि सगळा गोंधळ होतो. ते बूच मागवायचं राहिलं होतं. त्यासाठी पुन्हा तीन कोटेशनं. (यावर अधिक लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.)

बूच आलं. माळेत कोण कोण आहे हे विचारायला मी 'प्रोब-स्कझी' टाइप केलं आणि पडद्यावर चक्क ओळ उमटली: टार्गेट 6, रिमूव्हेबल रीड ओन्ली डिव्हाइस. ड्राइव्ह दिसला! मामांनी चहा सांगितला. मी सोलॅरिसची सीडी प्लास्टिकच्या कॅडीत बसवली, कॅडी ड्राइव्हच्या तोंडात सरकवली आणि 'बूट सीडीरॉम' लिहून एंटर मारलं. ड्राइव्ह घुमला, दिवा लुकलुकला. मग पडद्यावर ओळ आली: डिस्कचं लेबल वाचता येत नाही. आणि त्याखाली: ओके.

हे 'ओके' त्या यंत्राचं खास. काहीही बिघडलं की ते त्या पायरीवर येऊन थांबतं आणि म्हणतं, ओके. डिस्क मेली, ओके. सीडी वाचता येत नाही, ओके. पुढचे चार दिवस मी त्या 'ओके'कडे बघत होतो आणि ते माझ्याकडे. सीडी पुसली. केबल बदलली. सर येऊन म्हणाले, "उलटी घातली असेल." उलटी घालूनही पाहिली. मामांनी नारळ सुचवला. तोही फोडला, कारण त्याला कोटेशन लागत नव्हतं. विशेष म्हणजे हाच ड्राइव्ह पलीकडच्या लॅबमधल्या स्कझी कार्डाच्या पीसीवर शहाण्या मुलासारखा चालत होता.

शेवटी कॅलिफोर्नियात नोकरीला असलेल्या एका वर्गमित्राला ईमेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर: "ड्राइव्ह कितीचा ब्लॉक देतो? सनला 512 लागतो. घरी ब्लेड आहे का?"

इथे मला आजी आठवली. आमच्या घरी धान्य मोजायला पितळेचा शेर होता आणि एक पायली होती. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. डेटा सीडीवरचा एक ब्लॉक, म्हणजे एका वेळी मोजून द्यायचं माप, 2048 बाइटचा. हार्ड डिस्कचा 512 चा. बरोब्बर चार शेरांची पायली! आता बूट प्रॉम लिहिणाऱ्यांना ओळख डिस्कची. सीडीकडेही ते डिस्क म्हणूनच बघतात, आणि सोलॅरिसच्या सीडीवर डिस्कसारखंच लेबल आणि पार्टिशनंही असतात. ते बिचारं प्रॉम म्हणतं, "एक शेर द्या." आमचा ड्राइव्ह त्याच्या ओंजळीत अख्खी पायली ओततो. ओंजळ सांडते, प्रॉम म्हणतं ओके.

सिस्टिम एकदा वर आली की तिचा ड्रायव्हर ड्राइव्हला "शेरानेच मोज बाबा" असं सांगू शकतो. पण सिस्टिम वर यायला सीडी वाचावी लागते, आणि सीडी वाचायला सिस्टिम वर असावी लागते. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, हे आपण उगाच म्हणत नाही. आणि ही खोड एकट्या सनची नव्हती. सिलिकॉन ग्राफिक्स काय, डेक काय, युनिक्सची यंत्रं बनवणाऱ्या त्या काळच्या बऱ्याच कंपन्या शेराच्याच. गंमत म्हणजे सनचा शिक्का असलेले ड्राइव्हही आतून सोनी किंवा तोशिबाचेच असत. फक्त ते जन्मतःच शेराने मोजायला शिकून येत.

काही ड्राइव्हच्या पाठीमागे मापासाठी जंपर, म्हणजे पिनांवर बसणारं छोटं टोपण, असे. ते इकडचं तिकडे केलं की झालं. आमच्याकडे ते नव्हतं. आमच्या ड्राइव्हच्या सर्किट बोर्डावर तांब्याची एक केसाएवढी रेघ होती, ती कापायची. पण त्याआधी 'हे फाडल्यास वॉरंटी संपेल' असं स्टिकर फाडायचं होतं.

भौतिकशास्त्र विभागातून भिंग आणलं. मामांनी टॉर्च धरला. मी दाढीचं अर्धं ब्लेड घेऊन वाकलो. तेवढ्यात दारात भाऊसाहेब.

"हे काय चाललंय?"

"इन्स्टॉलेशन," मामा टॉर्च न हलवता म्हणाले.

रेघ कापली. ड्राइव्हचं झाकण लावलं. 'बूट सीडीरॉम'. पडद्यावर एक काडी जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली, आणि मग उमटलं: सनओएस रिलीज 5.5. (सोलॅरिस 2.5 चंच हे आतलं नाव.) मी ते तीनदा वाचलं. मामांनी पुन्हा चहा सांगितला, यावेळी रोखीने. इन्स्टॉलेशन संध्याकाळपर्यंत चाललं, कारण ड्राइव्ह दुप्पट वेगाचा होता. दुप्पट म्हणजे सेकंदाला जेमतेम 300 किलोबाइट.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये आलो तर मामा ड्राइव्हपुढे डोळे मिटून बसलेले. कानात हेडफोन. ड्राइव्हच्या तोंडावर हेडफोनचं भोक आणि शेजारी प्लेचं बटण आहे, हे आठवडाभर त्याच्याशी झुंजून माझ्या लक्षात आलं नव्हतं. आत अभंगांची सीडी. गाण्याच्या सीडीचा ब्लॉक 2352 बाइटचा. शेरही नाही, पायलीही नाही.

"मामा, हे कसं चाललं?"

त्यांनी एक कान मोकळा केला. "घातली, बटण दाबलं." आणि कान परत बंद केला.