मेंडेलकोट

नववीला आनुवंशिकता शिकवणं म्हणजे डोक्याला नुसता ताप. फळ्यावर पनेटचा चौकोन, म्हणजे आईबापांचे कुठले गुण पोरांत कसे उतरतील ते मांडायचा तक्ता, काढला की अर्धा वर्ग पेंगतो आणि उरलेला अर्धा त्यात फुली-गोळा खेळतो. म्हटलं, खेळायचंच आहे ना, मग खेळूच, आणि घरातले जुने पत्त्यांचे कॅट पिशवीत टाकून नेले.

खेळ एकदम सोपा. जोडी-जोडीने समोरासमोर बसायचं, प्रत्येकाकडे एक काळं पान एक लाल, काळं म्हणजे उंच वाटाणा, लाल म्हणजे बुटका, पालथी धरून एकमेकांचं एकेक ओढायचं, त्यात एक जरी काळं आलं तरी झाड उंच, दोन्ही लाल आली तरच बुटकं. वहीत मांडायचं, पानं परत द्यायची, पिसून पुन्हा. मी "प्रभावी" म्हणायच्या आत मागच्या बाकावरून आवाज, "मॅडम, म्हणजे काळा हुकूम!" अख्ख्या वर्गाच्या डोक्यात लख्ख प्रकाश. मी खूश.

पाचच मिनिटं. कारण हुकूम म्हटल्यावर पोरं मेंढीकोटच खेळणार ना! काळ्याने लाल मारलं की काळं परत हातात आणि लाल मांडीखाली. बघता बघता सगळं शेत उंच. "लाल मेलं मॅडम." अरे मेलं नाही, लपलंय! मेंडेलने उंच नि बुटक्या वाटाण्यांचा संकर केला तेव्हा पहिली पिढी सगळी उंचच होती, आणि दुसरीत 787 उंच नि 277 बुटकी निघाली, ती कुठून आली मग?

पोरांना तरी काय बोलणार, 1908 साली इंग्लंडात शिकल्यासवरल्या लोकांनाही हीच शंका होती, की प्रभावी गुण सगळीकडे पसरत का नाही. तेव्हा चौकोनवाल्या पनेटने आपल्या क्रिकेटच्या दोस्ताला गाठलं, म्हणजे रामानुजनवाल्या गणितज्ञ हार्डीला, आणि त्याने किरकोळ बीजगणितात दाखवून दिलं की पानं मारली नाहीत, नुसती पिसत राहिलात, तर लाल-काळ्याचं प्रमाण पिढ्यान् पिढ्या तेच राहतं.

हे सगळं घसा फोडून सांगितलं. त्यावर प्रश्न, "मग जिंकलं कोण?"

"कोणीच नाही."

"मग खेळायचं कशाला?"

तेवढ्यात दारात मुख्याध्यापक. "वर्गात पत्ते?" मी घाईघाईने वाटाणे, मेंडेल, हार्डी, सगळं एका दमात सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकलं, जवळच्या पोराची पानं वाकून बघितली आणि विचारलं, "हुकूम बंद आहे का उघडा?"