अकरा कार्डांचा मानकरी

आमच्या कॉलेजात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला ८३ पोरं आहेत. मी त्यांना मराठी शिकवतो, निदान टाइमटेबलात तरी तसं लिहिलंय. गेल्या वर्षीपर्यंत मी रोज दहा मिनिटं तोंडी हजेरी घ्यायचो. तासातली तेवढीच दहा मिनिटं अख्खा वर्ग माझ्याकडे कान देऊन असायचा.

त्या हजेरीला एक ताल होता. ‘हजर’, ‘येस सर’, ‘प्रेझेंट’, मागच्या बाकावरून नुसतंच ‘अँ’. २७ नंबर चार आवाज काढायचा. एक स्वतःचा, ३१चा घोगरा, ६२चा नाकातला आणि ५४चा सर्दी झालेला. मला सगळं कळायचं. पण ५४ खरोखरच तापानं आजारी पडला, तेव्हा यानं त्याच्या आवाजात खोकूनही दाखवलं. त्या दिवशी मी मुकाट्यानं हजेरी लावली. कलेची कदर करावी माणसानं.

मग वरून फर्मान आलं की आता हजेरी वायरलेस. दाराच्या चौकटीवर थाळीएवढं पांढरं यंत्र बसलं आणि प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं आम्हा प्राध्यापकांना समजावून सांगितलं. कार्डात बॅटरी नसते. यंत्र रेडिओ लहरी सोडतं, त्या लहरींच्याच जोरावर कार्डातली चिप जागी होते, आपला नंबर सांगते आणि परत झोपते. माझ्या वर्गातली निम्मी पोरं याच तत्त्वावर चालतात, हे मी त्याला सांगितलं नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात या कामाला विनापरवाना मोकळा आहे, असंही तो म्हणाला. आमच्या पार्किंगमध्ये तरी दुसरं काय चालतं?

पहिल्या महिन्याची यादी लागली आणि गंमत सुरू झाली. वर्गासमोरून कँटीनकडे जाणारी पोरं जाता जाता हजर होत होती. यंत्राला पाच-सहा मीटरवरचं दिसतं, आणि पोरगं आत आलं की नुसतंच पुढे गेलं, हे त्याला कोण सांगणार? उलट पहिल्या बाकावरची ४१ नंबरची मुलगी ३४ टक्क्यांवर. ७५ टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून तिचे वडील मोहोळहून एसटीनं आले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. “पोरगी रोज सातला घर सोडती सर. मग जाती कुठं?”

मुलगी रडायच्या बेतात. मी म्हटलं, चला मामा, दारातच बघू. ती सॅक पाठीला लावून आत गेली. यंत्र गप्प. कार्ड हातात घेऊन गेली, ‘टीं’. पुन्हा सॅकमध्ये टाकलं, गप्प. शेवटी सॅक टेबलावर उपडी केली. आत कार्डाला चिकटून स्टीलचा डबा होता, कडक भाकरी आणि शेंगाचटणीनं गच्च भरलेला. लहरी धातूच्या पार जात नाहीत. मामांनी डबा हातात घेऊन चहूबाजूंनी न्याहाळला. म्हणाले, “मग प्लॅस्टिकचा घेऊ का सर?”

मध्ये पंधरा दिवस मोबाइलमधल्या ब्लूटूथवर हजेरी घेऊन पाहिली. हॅराल्ड ब्लूटूथ हा दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा. त्यानं माणसं जोडली, म्हणून तंत्राला त्याचं नाव. आमच्याकडे त्यानं वर्ग आणि खालचं कँटीन जोडलं. स्लॅबमधून सिग्नल आरपार जायचा आणि पोरं भजी खाता खाता माझ्या तासाला बसायची. परत कार्डं आली.

२७ नंबरनं तोवर अभ्यास केला होता. आयुष्यात पहिल्यांदा. एके सकाळी तो वर्गात शिरला तो कंबरेतून ताठ, तोल सांभाळत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलावी तसा. दोन्ही हातांत डोक्यावर उंच धरलेली लाकडी पट्टी आणि तिला ओळीनं लटकलेली अकरा कार्डं.

“काय करूलालास बे?”

“अंगाजवळ धरलं की वाचत नाही सर. माणसाच्या अंगात साठ टक्के पाणी असतंय, ते लहरी पिऊन टाकतंय.”

सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, आणि हजेरी बुडते ती पाण्यामुळे!

“आणि ही लांब लांब का बांधलीत?”

“एकाला एक चिकटली की गप बसतात. बोटभर अंतर लागतंय.”

मी त्याला ओरडायला हवं होतं. पण इंजिनिअरनं दोन तासांत जे सांगितलं नव्हतं, ते यानं दोन वाक्यांत सांगितलं. मी फळ्याकडे वळलो. तरी त्याचे ते चार आवाज गेले, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पट्टीला खोकता येत नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसातून बोलावणं आलं. भाऊसाहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली. मंगळवार, बुधवार, मी गैरहजर.

“अहो, मी तास घेतलाय. मंगळवारी तुम्हीच मला चहा पाजलात.”

“चहा पाजला सर. पण सिस्टीममध्ये तुम्ही नव्हता.”

कार्ड माझ्या खिशात होतं, तंबाखूच्या पत्र्याच्या डबीला लागून. हे कारण अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. दोन रजा गेल्या.

परवा सकाळी साडेनऊला गल्लीत ‘पाणी आलं, पाणी आलं’ झालं. घरात मी एकटा, तास साडेअकराला, पण यंत्राला मी दहाच्या आत दारात हवा. तीन लेटमार्क झाले की एक रजा कापतात, आणि माझे दोन होऊन बसलेत. मी मोटर लावून बॅरलात पाइप धरून उभा होतो, तोच समोरून २७ नंबरची गाडी आली. सॅकमधून पट्टी डोकावत होती. गाडी थांबली. त्यानं बॅरलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“द्या सर. कडेला जागा आहे.”

मी पाइप डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं खिशातलं कार्ड काढलं.

“बोटभर अंतर ठेव बे,” मी म्हणालो.